सेरेब्रल पाल्सी : ‘कधी चालेल?’ या प्रश्नाच्या आधीचे प्रश्न

पाऊलवाट

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, घरात आम्ही सगळे नुसतं सीपी म्हणतो. गेल्या काही महिन्यांत नव्या आईवडिलांचे मला बरेच निरोप आले आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता : आमचं बाळ कधी चालेल? मीही पहिली चार वर्षं हेच विचारत फिरले. त्या चार वर्षांत आणखी काय विचारायला हवं होतं, ते लिहायला हा धागा काढते आहे.

आधी सीपी म्हणजे काय ते. बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाढत्या मेंदूला इजा होते, किंवा मेंदूची घडणच थोडी वेगळी होते. त्यामुळे हालचाल आणि शरीराची ठेवण यांवरचा ताबा बिघडतो. हा रोग नाही आणि एकापासून दुसऱ्याला होत नाही. हजार जन्मांमागे साधारण दोन मुलांना सीपी असते. मेंदूतली ही इजा पुढे वाढत नाही, हे डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतात आणि ते खरं आहे. पण मला त्याचा अर्थ नीट कळला नव्हता. इजा वाढत नाही, मूल मात्र वाढतं. हाडं लांब होतात, ताठ झालेले स्नायू त्या वेगानं लांब होत नाहीत. म्हणून दोन वर्षांचा असताना सहज टेकणारी टाच सहाव्या वर्षी उचललेली राहते. कुणाचं काही चुकलं म्हणून हे होत नाही, पण लक्ष ठेवावंच लागतं.

प्रकार मुख्य तीन. स्नायू ताठ राहतात तो स्पास्टिक, दहातल्या आठेक मुलांना हाच असतो. अंग आपोआप वळतं, पिळवटतं, हात भलतीकडे जातो तो डिस्कायनेटिक. तोल आणि नेमकेपणा बिघडतो तो अ‍ॅटॅक्सिक, तो कमी दिसतो. काहींना मिश्र असतो. एकाच बाजूचा हातपाय असेल तर हेमिप्लेजिया, मुख्यतः दोन्ही पाय असतील तर डायप्लेजिया, चारही असतील तर क्वाड्रिप्लेजिया.

माझ्या मुलाला डिस्कायनेटिक आहे, आणि कारण कावीळ. तिसऱ्या दिवशी तो तळपायापर्यंत पिवळा झाला होता. दूध ओढत नव्हता, सारखा झोपत होता. नवजात बाळांना होतेच, असं आम्हाला सांगितलं गेलं. ते खरंही असतं, बहुतेक बाळांची कावीळ आपोआप उतरते. पण बिलीरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात साठणारं पिवळं द्रव्य, फार चढलं तर ते मेंदूच्या आत खोलवर जाऊन बसतं. रक्त तपासलं तोवर उशीर झाला होता. वेळेवर निळ्या प्रकाशाखाली ठेवलं असतं, गरज पडली तर रक्त बदललं असतं, तर हे टळणारं होतं. म्हणून नवजात बाळ घरात असलेल्या प्रत्येकाला सांगते : बाळ पिवळं आणि सुस्त दिसत असेल, दूध नीट घेत नसेल, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

आता मुख्य गोष्ट. त्याला हातात काही धरता येत नाही. जितकं जास्त मनापासून धरायला जावं तितका हात मागे फेकला जातो. बोलताही येत नाही. तो साडेतीन वर्षांचा असताना एका सकाळी मी त्याला मोजे घालत होते. एका हातात निळे, एका हातात लाल. फोन वाजला म्हणून मी तशीच थांबले, दोन्ही हात वर धरून. तो निळ्यांकडे बघत होता. मी हातांची अदलाबदल केली. त्याची नजर निळ्यांच्या मागे गेली. पुन्हा बदलले, पुन्हा गेली. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि परत निळ्यांकडे. फोन वाजून वाजून बंद झाला.

साडेतीन वर्षं मी त्याचे मोजे, खेळणी, गाणी सगळं स्वतःच ठरवत होते. रोज तीन तास व्यायाम करून घेत होते आणि त्याला काय हवं हे एकदाही विचारलं नव्हतं. त्या सकाळचं मला अजून रडू येतं.

---

पहाटवारा

ताई, तुम्ही हे लिहिलंत म्हणून धीर करून लिहितोय. आमची मुलगी १४ महिन्यांची. २९ आठवड्यांची असताना जन्मली. पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी स्पास्टिक डायप्लेजिया सांगितला. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दुखावलेला दिसतो म्हणाले. मान धरते, आधारानं बसते, पण पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात आणि उभं धरलं की चवड्यांवर ताठ होते.

माझी बायको रात्र रात्र झोपत नाही. सातव्या महिन्यात ती जिने चढली होती, तेच तिच्या डोक्यात बसलं आहे. मी तिला काय सांगू? आणि हो, मीसुद्धा तेच विचारणार होतो. चालेल का ती?

---

खारीचा वाटा

मी मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. पहाटवारा, आधी तुमच्या पत्नीसाठी लिहिते, त्यांना हे वाचून दाखवा.

जिने चढल्यानं सीपी होत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्या पांढऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. साधारण २४ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान तो भाग इजेला सर्वांत हळवा असतो. पायांकडे जाणारे मज्जातंतू त्या पोकळ्यांच्या अगदी लगत असतात, म्हणून या बाळांच्या पायांवर जास्त परिणाम होतो आणि हात बऱ्यापैकी वाचतात. तुमच्या मुलीचं चित्र नेमकं तसंच आहे.

दोष शोधण्याची ही सवय फार जुनी आहे. विल्यम लिटल या इंग्लिश शल्यचिकित्सकानं १८६१ साली लंडनमध्ये या मुलांबद्दल सविस्तर निबंध वाचला आणि अवघड बाळंतपण व गुदमरणं याकडे बोट दाखवलं. पुढे कितीतरी वर्षं याला लिटलचा आजारच म्हणत. मनोविश्लेषणासाठी ओळखला जाणारा सिग्मंड फ्रॉइड आधी मेंदूविकारांचा डॉक्टर होता. त्यानं १८९७ साली उलट शंका मांडली, की काही वेळा पोटातच काहीतरी बिघडलेलं असेल आणि अवघड बाळंतपण हा त्याचाच परिणाम असेल. त्याकडे बराच काळ कुणी फारसं लक्ष दिलं नाही. आज आपल्याला माहीत आहे की प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडणं हे थोड्याच मुलांमध्ये एकमेव कारण असतं. बहुतेकांत मुळं आधीची असतात : अपुरे दिवस, कमी वजन, गर्भातला संसर्ग, मेंदूतला रक्तस्राव किंवा पक्षाघात, कधी जनुकीय कारण. बऱ्याचदा तीनचार गोष्टी एकत्र येतात आणि नेमकं एक कारण सापडतच नाही.

टाळण्याजोगंही काही आहे. फार लवकर प्रसूती होणार असं दिसलं तर आईला मॅग्नेशियम सल्फेट देतात, त्यानं बाळाचा धोका कमी होतो. पूर्ण दिवसांचं बाळ गुदमरलेलं जन्मलं तर सहा तासांच्या आत त्याचं शरीर साधारण ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर आणून ७२ तास ठेवतात.

आता चालण्याचं. तुम्हाला टोलवत नाही, पण १४ महिन्यांवर कुणी ठामपणे सांगू नये. त्यातही तिचं वय तुम्ही जन्मापासून मोजताय. २९ आठवड्यांच्या बाळाचं वय मूळ अपेक्षित तारखेपासून मोजायचं, म्हणजे तिची वाढ साडेअकरा महिन्यांच्या बाळाशी ताडून बघायची. दोन वर्षांच्या आसपास स्थूल हालचालींची, म्हणजे बसणं, उभं राहणं, चालणं यांची, पातळी बरीच स्पष्ट होते. एक ते पाच अशा त्या पातळ्या आहेत, १९९७ पासून जगभर वापरतात. पहिलीतलं मूल स्वतः चालतं आणि पळतं, तिसरीतलं वॉकर किंवा कुबड्या घेऊन चालतं, पाचवीतल्या मुलाला मान आणि धड सांभाळायलाही आधार लागतो. सगळी मुलं मिळून पाहिली तर तिघांतली दोन कशा ना कशा प्रकारे चालतात. डायप्लेजियात हे प्रमाण चांगलं असतं.

तिचा खुब्याचा एक्स-रे झाला आहे का?

---

पहाटवारा

नाही. खुब्याचं कुणी काही बोललंच नाही. तिला तिथे दुखतही नाही.

---

खारीचा वाटा

तिथेच फसायला होतं. खुबा हळूहळू खोबणीतून बाहेर सरकतो आणि सुरुवातीला अजिबात दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा बराच सरकलेला असतो. सीपी असलेल्या साधारण तीनातल्या एका मुलाचा खुबा सरकतो. जी मुलं कमी हालतात त्यांचा जास्त, पाचव्या पातळीत तर दहातल्या नऊंचा. म्हणून एक ते दोन वर्षांच्या दरम्यान पहिला एक्स-रे काढायचा, मग पातळीप्रमाणे दर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं. खुबा किती सरकला त्याची मापं लिहून ठेवायची, फिल्म जपून ठेवायची. वेळेवर कळलं तर लहान शस्त्रक्रियेवर भागतं.

धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नांत हा पहिला घाला, पाऊलवाट.

---

डावा हात

माझ्या मुलाला उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया आहे, आता पाच वर्षांचा आहे. आमची गोष्ट वेगळी. पूर्ण दिवसांचा, वजन उत्तम, जन्मताच रडला. सात महिन्यांचा असताना सगळे कौतुकानं म्हणत की डावखुरा होणार. मलाही गंमत वाटायची. उजवी मूठ कायम मिटलेली, अंगठा आत, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे कळलं की वर्षाच्या आत मूल एका हाताची निवड करत नाही. इतक्या लवकर एकच हात पुढे येत असेल तर दुसऱ्याचं काय चाललंय ते बघायला हवं. त्याला जन्माच्या आधी किंवा आसपास मेंदूत छोटा पक्षाघात झाला होता.

आमच्याकडे उपयोग झाला तो चांगल्या हातात मोजा चढवून खेळण्याचा. दिवसातून थोडाच वेळ, आणि खेळ त्याच्या आवडीचे. उजव्या हाताला काम करावंच लागायचं. मग दोन्ही हात लागतील असे खेळ : डब्याचं झाकण काढणं, दोऱ्यात मणी ओवणं, मोठा चेंडू. त्याआधी वर्षभर मी त्याचा हात नुसता ताणून देत होते, तो आडवा पडलेला आणि मी ओढतेय. हातात फारसं काही आलं नाही.

आणि कपडे घालताना दुबळा हात बाहीत आधी घाला, काढताना शेवटी काढा. हे मला दोन वर्षांनी समजलं. तोवर रोज सकाळी आम्ही दोघं रडायचो.

---

खारीचा वाटा

‘डावा हात’ यांनी ताणण्याबद्दल लिहिलं ते महत्त्वाचं आहे. मूल निपचित पडलेलं आणि मोठ्यांनी हातपाय ओढायचे, एवढ्यानं हालचाल शिकली जात नाही. मेंदू शिकतो तो मुलानं स्वतः केलेल्या प्रयत्नातून, आणि ज्याची त्याला ओढ आहे अशा कामातून. खेळण्यापर्यंत सरकणं, पलंगावरून स्वतः उतरणं, दार ढकलणं. असं एक ठरवा आणि तेच घरात दिवसभर जमेल तिथे करू द्या. दोन तास रडवून केलेल्या व्यायामापेक्षा हे बरं.

पहाटवारा, लंगोट बदलताना पाय कात्री होत असतील तर घोटे धरून फाकवायला जाऊ नका, आणखी ताठ होतील. आधी गुडघे आणि खुबे दुमडा, कंबर किंचित उचलून हळू डावीउजवीकडे झुलवा, मग गुडघ्यांजवळ धरून पाय सोडवा. हाताखाली स्नायू सैल पडलेला कळतो, तेवढं थांबायचं. आणि चाकांचा बेबी वॉकर आणला असेल तर काढून टाका. त्यात ती चवड्यांवर ढकलत राहील.

---

अंगणातली चिमणी

माझ्या बहिणीच्या मुलाला सीपी आहे. कुणीतरी स्टेम सेलचं सुचवलंय, पूर्ण बरा होईल म्हणे. बहीण घर गहाण ठेवायच्या विचारात आहे. कुणाला अनुभव?

---

खारीचा वाटा

घर गहाण ठेवू देऊ नका. स्टेम सेलवर संशोधन चालू आहे, पण सीपी पूर्ण बरी करणारा उपचार आज कुठेही नाही. ‘पूर्ण बरा होईल’ असं कुणी म्हणालं की तिथून उठायचं. उच्च दाबाच्या प्राणवायूचंही तेच, नीट चाचण्या झाल्या आणि त्याचा फायदा दिसला नाही.

उपयोग होतो अशा गोष्टी आहेत, पण प्रत्येक गोष्ट प्रत्येक मुलाला नाही. बोटॉक्सचं इंजेक्शन ठरावीक स्नायूंचा ताठपणा तीनचार महिने कमी करतं. त्या काळात व्यायाम, स्प्लिंट (हातपाय नीट ठेवणीत धरणारा कडक आधार), कधी प्लास्टर हे सगळं केलं तर फायदा, नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर पैसे वाया. बॅक्लोफेन हे ताठपणा कमी करणारं औषध गोळीनं देतात, फार ताठपणा असेल तर पोटाच्या त्वचेखाली पंप बसवून थेट मणक्यातल्या द्रवात सोडतात. मणक्यातले काही निवडक मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया असते, ती फार पारखून निवडलेल्या मुलांसाठी. आखडलेले स्नायू लांब करण्याची शस्त्रक्रिया शक्यतो दरवर्षी एकेक न करता योग्य वयात एकदमच करतात. यातलं काहीही करायच्या आधी एक विचारा : यामुळे मुलाला रोजच्या आयुष्यात काय करता येईल? उत्तर मिळालं नाही तर थांबा.

---

चाकांवरून

मी चौतीस वर्षांचा आहे. मला सीपी आहे. हे मी एका बोटानं टाइप करतोय, म्हणून हळूहळू लिहीन.

लहानपणी मला चालवण्यासाठी घरच्यांनी जिवाचं रान केलं. सातव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी शस्त्रक्रिया झाल्या. कुबड्या घेऊन मी चालायचो. वर्गापर्यंत पोचायचो तेव्हा घामानं निथळलेला असायचो, पहिले दोन तास शिकवलेलं काही डोक्यात शिरत नसे. पंधराव्या वर्षी मी व्हीलचेअर मागितली. आई रडली. तिला वाटलं मी हार मानली. त्या वर्षी मी पहिल्यांदा मधल्या सुट्टीत मैदानात गेलो, कारण माझ्यात तेवढी ताकद उरलेली होती.

तुम्ही ‘कधी चालेल’ विचारता तेव्हा मूल ऐकत असतं. मी ऐकत होतो. मला कळायचं की मी चाललो नाही तर या सगळ्यांचं काहीतरी फार मोठं नुकसान होणार आहे.

दुसरं, दुखण्याबद्दल. सीपी असलेल्यांपैकी चारातल्या तिघांना दुखणं असतं. लहान मुलाला ते सांगता येत नाही, आणि ज्याला कायमच दुखतंय त्याला ते दुखणं आहे हेच माहीत नसतं. विचारत जा. ताठपणा अचानक वाढला, झोप उडाली, मूल चिडचिडं झालं, तर आधी दुखणं शोधा. खुबा, दात, बद्धकोष्ठता, आम्लपित्त, रुतणारा स्प्लिंट. माझा स्प्लिंट दोन महिने घोट्याला घासत होता आणि सगळे म्हणत होते की मी हट्ट करतोय.

तिसरं. माझं बोलणं अस्पष्ट आहे. लोक माझ्याकडे बघून माझ्या आईला विचारतात, याला काय होतंय? माझी आई आता सांगते, त्यालाच विचारा.

---

पाऊलवाट

दादा, तुमचं लिहिणं मी तीनदा वाचलं. मुलालाही वाचून दाखवलं. ‘मूल ऐकत असतं’ इथे तो हसला नाही, माझ्याकडे बघत राहिला. ‘होय’साठी तो डोळे वर करू शकत नाही, काविळीमुळे झालेल्या सीपीत नजर वर जायला त्रास होतो. म्हणून आमचं ‘होय’ उजवीकडे आहे. त्यानं उजवीकडे बघितलं.

आधी न लिहिलेलं सांगते. याच काविळीत ऐकण्याची नसही दुखावू शकते. आमच्याकडे कानाची तपासणी उशिरा झाली, त्याला एका श्रेणीचे आवाज ऐकू येत नव्हते. आम्ही समजत होतो की तो लक्ष देत नाही. सीपी कळली की कान आणि डोळे पहिल्या काही महिन्यांतच तपासा. साधारण चारातल्या एका मुलाला फीट येतात, त्याचंही विचारा.

आणि बुद्धीबद्दल. साधारण निम्म्या मुलांना बौद्धिक अडचण असते, म्हणजे निम्म्यांना नसते. बाहेरून बघून हे ओळखता येत नाही. लाळ गळते, मान लवंडते, शब्द फुटत नाही, यातल्या कशावरूनही आतलं काही कळत नाही. ज्याला हातानं दाखवता येत नाही आणि तोंडानं सांगता येत नाही, त्याची नेहमीची बुद्धीची चाचणी घ्यायची तरी कशी? आमचा मुलगा आता नजरेनं चालणाऱ्या स्क्रीनवर शब्द जुळवतो, पण सुरुवात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चार चित्रांनी झाली. चित्रांमुळे किंवा यंत्रामुळे मूल बोलणं सोडून देईल ही भीती मलाही होती. तसं होत नाही. उलट काहींचे शब्द वाढतात.

---

डावा हात

भरवण्याचंही लिहा कुणीतरी. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता, पण वाट बघण्याच्या खोलीत बाकीच्या आयांना बघितलंय.

---

पाऊलवाट

लिहिते. मी बाळाची मान मागे टाकून चमचा वरून ओतायची. लवकर संपायचं. त्याला तीनदा न्यूमोनिया झाला तेव्हा कळलं की थोडं थोडं श्वासनलिकेत जात होतं. आता पाठ सरळ, पावलं टेकलेली, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून, ओठांच्या पातळीवर. वरचा ओठ स्वतः खाली येईपर्यंत थांबायचं, चमचा दातांवर पुसून काढायचा नाही. भरवताना खोकला, डोळ्यांत पाणी, आवाज घोगरा किंवा ओला येणं, किंवा वारंवार छातीत कफ, यातलं काही असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. जेवण रोज अर्ध्या तासाच्या वर लांबत असेल आणि वजन वाढत नसेल, तर पोटात नळी बसवण्याबद्दल बोलायला घाबरू नका. मी दीड वर्ष घाबरले आणि तेवढा काळ तो उपाशी राहिला.

---

पहाटवारा

खुब्याचा एक्स-रे झाला. दोन्ही खुबे जागेवर आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा काढायचा आहे, तारीख लिहून ठेवली. लंगोट बदलताना कंबर झुलवतोय, तिला तो खेळ वाटतो, हसते. बायकोनं धागा पहिल्यापासून वाचला. काही बोलली नाही, पण काल रात्री झोपली.

आज आम्ही मोज्यांचं करून बघितलं. दोन खेळणी समोर धरली. ती दोन्हीकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती. मी चुकीचं धरतोय का?

---

पाऊलवाट

नाही, बरोबर आहे. वर्षाच्या आतबाहेरचं बाळ आधी माणसाकडेच बघतं. खेळणी तुमच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्यांच्या रुंदीइतकी दूर धरा. तिचं डोकं आणि धड नीट टेकलेलं असू द्या, नाहीतर तिची सगळी शक्ती मान सांभाळण्यात जाते. एकाचं नाव घ्या, थोडं हलवा. मग दुसऱ्याचं. मग गप्प बसा आणि मनात दहापर्यंत मोजा. दहा फार वाटतात, मी सुरुवातीला चारपाचवरच बोलून मोकळी व्हायची. नजर जिथे एक क्षण थांबेल ते लगेच तिच्या हातात द्या, चुकून बघितलं असेल असं वाटलं तरी द्या.